मदत हवी आहे: 'सायबरपंक: एजरनर्स' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचे शेवटचे चार भाग मला का भिडले नाहीत?

नमस्कार. धाकट्या भावाच्या आग्रहावरून शनिवारी रात्री ही मालिका एका बैठकीत संपवली. १० भाग, सगळे मिळून चारेक तास. शेवटाला तो ढसाढसा रडला. मी सहाव्या भागाला रडले आणि पुढे कोरडीच राहिले. तेव्हापासून आमचा वाद चालू आहे. मालिका तिथे कमी पडते, की माझ्या नजरेतून काही सुटलं, हे मला खरंच समजून घ्यायचं आहे. पुढे शेवट उघड केला आहे, न पाहिलेल्यांनी इथेच थांबा.

पहिला भाग तर मी कधीच विसरणार नाही. पैसे भरले नाहीत म्हणून घरातलं वॉशिंग मशीन मध्येच बंद पडतं. पुढे रस्त्यावरच्या गोळीबारात मायलेकांची गाडी उलटते, ट्रॉमा टीम ही पैसे भरणाऱ्यांनाच वाचवणारी खासगी तुकडी येते, आणि हे आपले ग्राहक नाहीत असं कळताच दोघांना तसंच टाकून निघून जाते. नाइट सिटी हे मालिकेतलं शहर कसं चालतं हे कुणी भाषण न देता वीस मिनिटांत कळतं.

अ‍ॅक्शनही तशीच. त्या गाडीतला मुलगा डेव्हिड पाठीच्या कण्यात सँडेव्हिस्तान हे वेग देणारं यंत्र बसवून घेतो. तो धावला की जग थबकतं आणि त्याच्यामागे त्याच्याच रंगीत आकृत्यांची रांग उभी राहते. वेग दाखवण्यासाठी चित्र गोठवायचं, ही दिग्दर्शक इमाइशी आणि ट्रिगर स्टुडिओची करामत मला फार आवडली. शिवाय ही ताकद फुकट नाही, शरीर तिची किंमत मोजतं. म्हणून तर डेव्हिडच्या टोळीचा म्होरक्या मेन याचा हात थरथरायला लागतो तेव्हा पोटात गोळा येतो, आणि सहाव्या भागात त्याचं भान सुटतं ते बघवत नाही.

सातव्या भागात मात्र मधला काळ गायब! डेव्हिड एकदम आडदांड झालेला, टोळीचा म्होरक्या. तो यंत्रांच्या आहारी कसा गेला हेच मला बघायचं होतं. त्याची प्रेयसी लूसी त्याला अरासाका या बलाढ्य कंपनीपासून लपवायला एकटीच माणसं मारत फिरते, पण त्याला काही सांगत नाही, आणि शेवटी तर तिला पळवून नेतात. इतकी धीट मुलगी वाट बघत बसलेली मला पटली नाही. अ‍ॅडम स्मॅशर हा अरासाकाचा यंत्रमानवासारखा मारेकरी शेवटच्या भागात उतरतो आणि टोळीतल्या रिबेकाला क्षणात चिरडतो. भाऊ म्हणतो, त्या शहरात मरण असंच येतं. मला ती घाई वाटली.

ही मालिका ज्या गेमच्या जगात घडते तो मूळ व्हिडिओ गेम आम्ही दोघांनीही खेळलेला नाही. त्यामुळे काही फरक पडतो का?

प्रतिसाद १
ताई, पडतो, आणि तुमची तक्रार रास्त आहे. स्मॅशर हा माइक पॉंडस्मिथ यांच्या टेबलाभोवती बसून खेळायच्या जुन्या खेळातला खलनायक. २०२० मध्ये आलेल्या 'सायबरपंक २०७७' या व्हिडिओ गेममध्येही त्याच्याशी गाठ पडते. आम्ही त्याला आधीपासून ओळखतो, म्हणून तो पडद्यावर आला की धडकी भरते. मालिकेने ती भीती स्वतः कमावलेली नाही, आयती घेतली आहे.

प्रतिसाद २
मला सातवा भाग कमजोर वाटत नाही. डेव्हिडला स्वतःचं स्वप्न कुठे आहे? आधी आईचं, त्याने अरासाकाच्या मनोऱ्याच्या टोकाला पोचावं हे. मग मेनचं ओझं, मग चंद्रावर जायचं लूसीचं स्वप्न. सातव्या भागात तो मेनसारखा दिसतो, कारण तो मेनची जागा भरायला बघतोय. काळाची उडी हवी असेल तर इमाइशींचीच 'गुरेन लागान' (२००७) बघा. तिथे सात वर्षांची उडी आहे, पण एकूण २७ भाग असल्यामुळे दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा मिळते. इथे १० भागांत तेच करायचं म्हटल्यावर काहीतरी कापलं जाणारच.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री सातवा भाग एकटीने पुन्हा पाहिला. मेनची जागा भरण्याचा मुद्दा डोक्यात ठेवल्यावर डेव्हिडचं ते अंगावर येणारं शरीर बघून वाईट वाटलं, पहिल्यांदा नुसतं विचित्र वाटलं होतं. शेवटी लूसी चंद्रावर एकटी उभी असते ते दृश्यही आता कळलं: स्वप्न तिचं, आणि ते पुरं झालं तेव्हा सोबत कुणी नाही. लूसीबद्दलची तक्रार मात्र कायम आहे. तिच्या वाट्याला अजून एक भाग यायला हवा होता.

आता एकच विचारते. २७ भाग एवढ्यात जमणार नाहीत. १२-१३ भागांत पूर्ण होणारी, शेवट अर्धवट न सोडणारी आणि जिच्यात लढणारी बाई शेवटपर्यंत लढते अशी एखादी मालिका सुचवाल का? या शनिवारी निवड माझी आहे.