शब्दचर्चा : ‘सिव्हिल सोसायटी’ म्हणजे ‘नागरी समाज’ का?

विकसनशील देशांतल्या जैवविविधतेसाठी पैसा पुरवणाऱ्या निधीविषयीचा मजकूर मराठीत आणते आहे. ‘सिव्हिल सोसायटी’ला कोशात बघून ‘नागरी समाज’ लिहिलं आणि पुढच्याच ओळीत खारफुटी राखणाऱ्या मच्छीमार बायका आल्या. त्यांना ‘नागरी’ म्हणू? ‘नागरी’ म्हटलं की मला आधी बँक आठवते, मग सुविधा. काही सुचतंय का?

प्रतिसाद :
सरळ ‘स्वयंसेवी संस्था’ लिहा. वाचणाऱ्याला लगेच कळतं.

प्रतिसाद :
कळतं, पण निम्मंच. क्रिटिकल इकोसिस्टिम पार्टनरशिप फंडाचं उदाहरण घ्या. हा निधी २००० साली सुरू झाला. जागतिक बँक, जपान सरकार, युरोपीय संघ वगैरे त्याचे देणगीदार. त्यांच्या लेखी ‘सिव्हिल सोसायटी’त आदिवासींच्या संघटना येतात, गावगट येतात, विद्यापीठं येतात आणि खासगी कंपन्यासुद्धा! कंपनीला स्वयंसेवी कसं म्हणायचं? ‘बिगरसरकारी’ म्हणावं, तर ती काय नाही एवढंच समजतं. ‘नागरी समाज’ आता समाजशास्त्रात रुळलाय, तो एकदा व्याख्येत येऊ द्या. पुढे मात्र जे कोण असतील त्यांचं नाव घ्या : मच्छीमारांचा गट, विद्यापीठ, कंपनी. वाक्य लांबेल, लांबू द्या.

प्रश्नकर्ती :
पटलं. आणि जैवविविधतेचा ‘हॉटस्पॉट’? मी ‘संवेदनशील क्षेत्र’ केलंय.

प्रतिसाद :
नको हो! त्यावर पोलीस बंदोबस्त दिसतो. ब्रिटिश पर्यावरणशास्त्रज्ञ नॉर्मन मायर्स यांनी १९८८मध्ये ही कल्पना मांडली. आज तिला दोन अटी आहेत : किमान १,५०० जातींच्या प्रदेशनिष्ठ, म्हणजे जगात दुसरीकडे कुठेच न सापडणाऱ्या, संवहनी (अंगात पाणी-अन्न वाहणाऱ्या नलिका असलेल्या) वनस्पती असाव्यात, आणि मूळ वनाच्छादनातलं ७० टक्के किंवा त्याहून जास्त नष्ट झालेलं असावं. श्रीमंती आणि ऱ्हास एकाच शब्दात. ‘संवेदनशील’मध्ये त्यातलं काहीच येत नाही. ‘हॉटस्पॉट’च ठेवा, मोबाइलमुळे घरोघरी पोचलाय.

प्रतिसाद :
‘वनाच्छादन’ नव्हे, ‘मूळ वनस्पती-आच्छादन’. गवताळ आणि झुडपी प्रदेशही हॉटस्पॉट असतात. दक्षिण आफ्रिकेतला केप प्रदेश बघा, तिथे बहुतेक सगळी झुडपंच.

आधीचाच प्रतिसादक :
मान्य, चूक माझी.

प्रतिसाद :
‘कॉन्झर्व्हेशन’ला काय लिहिलंत? ‘संवर्धन’ असेल तर सांभाळा. नदीतले दुर्मिळ मासे वाचवायच्या प्रकल्पाला ‘मत्स्यसंवर्धन’ म्हटलंत, तर वाचणारा तळ्यात बोटुकली (माशांची पिल्लं) सोडून मोकळा होईल. ऊतिसंवर्धन, मधुमक्षिकासंवर्धन, सगळीकडे वाढवणंच आहे. इथे ‘संरक्षण’ किंवा ‘जतन’. जंगल राखणारी माणसं तर नुसतं ‘राखणं’ म्हणतात, आणि मला तोच शब्द सगळ्यांत आवडतो, पण अहवालात कुणी चालवून घेणार नाही.

प्रश्नकर्ती :
अरे देवा. चौदा ठिकाणी ‘संवर्धन’ आहे, त्यातले तीन माशांचे. बसते बदलायला. ‘पार्टनरशिप’ला ‘भागीदारी’ म्हणावं का, ते उद्या विचारीन. अनुदान देणारा आणि घेणारा यांच्यात नफ्यातला वाटा कुणाचा, ते अजून समजलेलं नाही.