आशा, उमेद, धीर: सिनेमाने नेमकं काय दिलं?

फोंडा : मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. मुलांना 'माझा आवडता चित्रपट' हा विषय दिला होता. एकीनं लिहिलंय, "आजी गेल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून लहानपणीचा सिनेमा परत पाहिला आणि मला आशा मिळाली." वाचून भरून आलं, पण 'आशा मिळाली' इथे बसत नाही असं वाटतं. उमेद, उभारी, धीर यांतलं काय सुचवू? आणखी एकानं 'सिनेमा बघून उमेद झाली' असं लिहिलंय, त्याचं काय करावं?

पेडणे : बाई, त्या मुलाच्या वाक्यातली उमेद कोकणी आहे. "म्हाका उमेद जाली" म्हणजे मला आनंद झाला. त्याच्या वहीवर लाल शाई नको, मराठीत तिथे 'आनंद झाला' किंवा 'हुरूप आला' म्हणतात एवढं सांगा. शब्द मूळचा फारसी. मराठीत त्याला बळाचा अर्थ चिकटला. 'उमेदीची वर्षं' म्हणजे अंगात रग असतानाची वर्षं.

पणजी : मुलीच्या वाक्यात आशा का खटकते ते सांगतो. आशा नेहमी कशाची तरी असते. पावसाची, नोकरीची, बरं होण्याची. ती बाहेरच्या गोष्टीवर टेकलेली असते, म्हणून 'आशा लावून बसणं' असं आपण म्हणतो, आणि ती गोष्ट हातची गेली की आशा मावळते. आजी तर गेलीच आहे. तिच्या बाबतीत आशा धरायला काही उरलेलं नाही.

'श्वास' आठवा. २००४ साली प्रदर्शित झालेला, 'श्यामची आई' (१९५३) नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा मराठी चित्रपट. कोकणातले आजोबा नातवाला डोळ्यांसाठी पुण्याला आणतात आणि कळतं, कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेआधी ते पोराला बाहेर घेऊन जातात, जग डोळे भरून पाहून घे म्हणून. दृष्टी वाचेल ही आशा तिथे संपलेली आहे, तरी पोराची उमेद आजोबा खचू देत नाहीत. मी तो सिनेमा शाळेत असताना बाबांच्या शेजारी बसून पाहिला. मनाला फार लागला, पण हात-पाय गळाले नाहीत. बाबा शेजारी होते याचा त्यात मोठा वाटा असावा.

डिचोली : हे अगदी पटलं. मोठ्या आजारपणात मी लहानपणचे सिनेमे पुन्हा पुन्हा लावायची. पुढे काय होणार ते पाठ, तरी भाऊ प्रत्येक वेळी शेजारी बसून पाहायचा. कधी मध्येच उठला नाही. त्यानं मला धीर दिला असंच मी म्हणेन. धीर माणूस देतो, आणि तोही जवळचा. सिनेमानं जे झालं ती उभारी. सकाळी उठून स्वतःचा चहा स्वतः करावासा वाटला, त्याला माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

फोंडा : मग 'सगळे जवळ होते म्हणून धीर आला आणि सिनेमा पाहून उभारी आली' असं तिला सुचवते. पण 'उमेद मिळाली' चालेल का? वर्तमानपत्रांत दिसतं.

मडगाव : दिसतं खरं, चूकही म्हणवत नाही. पण उमेद वाढते, खचते, कुणी ती जागवतं. ती आपल्यात असतेच, कमीजास्त होते, म्हणून 'मिळणं' मला परकं वाटतं. हिंदीतली 'उम्मीद' आशेच्या जागीही सहज चालते, तिथून हे आलं असावं. 'जिद्द' मात्र इथे आणू नका. जिद्द एकट्याची असू शकते, आणि या मुलीच्या वाक्यातला सगळ्यात मोलाचा शब्द 'सगळ्यांनी मिळून' हा आहे. तो तसाच राहू द्या.