१७६३ चा पॅरिस तह: कॅनडा सोडून ग्वाडेलूप घेतलं यात फ्रान्सचं काय चुकलं?

दर्यावर्दी: इंग्रजांशी झालेलं सात वर्षांचं युद्ध हरल्यावर १० फेब्रुवारी १७६३ ला पॅरिसचा तह झाला, त्यात फ्रान्सनं कॅनडा इंग्रजांना देऊन टाकला आणि परत मागून घेतली ती ग्वाडेलूप, मार्टिनिक ही साखरेची बेटं. सगळे याला मूर्खपणा म्हणतात, मला अजिबात पटत नाही. तेव्हा साखर म्हणजे रोकडा पैसा, आणि कॅनडात फरचा धंदा सोडला तर नुसता खर्च. अहो, खुद्द लंडनमध्ये पत्रकं निघत होती की कॅनडा नको, ग्वाडेलूप ठेवा!

गडवाट: पैशाचं गणित ठीक आहे हो, पण माणसांचं काय? क्वेबेककडची साठ-सत्तर हजार फ्रेंच बोलणारी माणसं एका सहीनं इंग्लंडच्या राजाची प्रजा झाली, त्यांना कुणी विचारलं? त्यांनी भाषा टिकवली ती स्वतःच्या जिवावर, पॅरिसच्या नाही.

दर्यावर्दी: मान्य. पण तिकडे लढायचं कशाच्या जोरावर? क्वेबेक १७५९ ला गेलं, माँट्रियल १७६० ला, समुद्र इंग्रजांच्या ताब्यात. हातात होतं तेवढ्यात सौदा केला. शिवाय न्यूफाउंडलंडजवळची सेंट पिएर आणि मिकलाँ ही दोन चिमुकली बेटं कॉड मासेमारीसाठी मिळवली, कारण त्या होड्यांवरच आरमाराचे खलाशी तयार व्हायचे. ती आजही फ्रान्सची आहेत, कॅनडाच्या दारात युरो चालतो.

उसाचा_मळा: दोघंही साखर साखर करताय, ती पिकवत कोण होतं? आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. त्या बेटांची किंमत म्हणजे त्यांच्या घामाची किंमत, ती "शहाणपणा"त धरू नका प्लीज. आणि तिकडे ग्रेट लेक्सच्या भागातले मूळ रहिवासी म्हणत होते आम्ही हरलोच नाही तर आमची जमीन फ्रान्सनं दिलीच कशी, म्हणून त्याच वर्षी त्यांच्यातल्या पाँटियाक या सरदाराचा उठाव पेटला.

दर्यावर्दी: हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता, खरंच. "शहाणपणा" हा शब्द मागे घेतो, हिशोब म्हणू.

गडवाट: मग आपल्याकडचा पण हिशोब बघा. पाँडिचेरी पडली जानेवारी १७६१ ला, पानिपत झालं त्याच आठवड्यात. पानिपतावर आपला तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी फ्रेंच सेनापती बुसीच्या हाताखाली शिकलेला, म्हणजे इंग्रजांसमोर उभे राहू शकणारे फ्रेंच आणि मराठे दोघंही एकदम आडवे झाले. तहात पाँडिचेरी, माहे, चंद्रनगर परत मिळालं खरं, पण बंगालमध्ये किल्ला नाही आणि सैन्यही नाही या अटीवर. मी पाँडिचेरीला गेलो तेव्हा जुना किल्ला शोधत फिरलो, इंग्रजांनी तो तहाआधीच पाडून टाकलेला. वखारी परत मिळाल्या, ताकद नाही. मला कॅनडापेक्षा हे जास्त लागतं.

दर्यावर्दी: इथे तुमचंच बरोबर. पण कॅनडाबद्दल एक राहिलंच, फ्रेंचांची भीती संपली आणि मग बॉस्टनवाल्यांना, म्हणजे अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतवाल्यांना, इंग्रज सैन्याची गरजच उरली नाही, १७६५ ला स्टँप ॲक्टचा, म्हणजे छापील कागदांवरचा, कर बसवला तर लगेच बोंब. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं ते भांडण १७६३ मध्येच पेरलं गेलं.

उसाचा_मळा: ते मात्र पटलं.