शिकाऊ उमेदवाराचा परीक्षेतला जॉब ७० टक्के बरोबर, म्हणजे पास?

शिरोलीकर:
आमच्या शिरोलीच्या (कोल्हापूर) फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, शिकाऊ पोरं असतातच. ३० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असली की अडीच ते पंधरा टक्के घ्यावीच लागतात, २०१९ पासूनचा नियम आहे. पोरांबद्दल तक्रार नाही, तक्रार परीक्षेबद्दल आहे. डीजीटीच्या (केंद्राचं प्रशिक्षण महासंचालनालय) अभ्यासक्रमात मूल्यमापनाचं पान काढून वाचा. ६० ते ७५ टक्के गुण हवेत तर जॉबमध्ये, म्हणजे करून दाखवायच्या कामात, ६० ते ७० टक्के अचूकता. अचूकता ८० च्या वर गेली की ९० टक्क्यांपुढचे गुण. आता बिडाचं कास्टिंग (ओतीव वस्तू) ७० टक्के बरोबर म्हणजे काय हो? ते गिऱ्हाइकाकडं जातं, नाहीतर फर्नेसमध्ये परत जातं. प्रात्यक्षिकाचा जॉब आणि गुणांची मोजपट्टी इथल्या कारखान्यांनी ठरवावी, असं माझं मत.

निवृत्त निदेशक:
साहेब, तिसरा रस्ताही असतो. वेल्डिंग मारून किती कास्टिंग वाचवता ते इथं लिहू का? 😄
तो टक्का शिकणाऱ्याचा आहे, मालाचा नाही. जॉबवर दहा मापं असतील तर किती टॉलरन्समध्ये (चालेल तेवढ्या फरकात) बसली, असा आम्ही तो वापरायचो. आणि पट्टी तुम्ही ठरवली तर शिरोलीचा पास पोरगा चाकणला कोण विचारणार? सर्टिफिकेट देशभर चालायचं असेल तर पेपर एकच लागतो. शिवाय बदल किती सोसायचे? आयटीआयला २०१३ ला सेमिस्टर आणलं, २०१८ ला परत वार्षिक. दर वेळी निदेशकानं, म्हणजे आयटीआयच्या शिक्षकानं, प्रश्नांचा बाज नव्यानं समजून घ्यायचा. तुम्हाला तर जिल्ह्याजिल्ह्यात वेगळं पाहिजे.

कोअरशॉपवाला:
मी शिकाऊ होतो, कारखान्याचं नाव नको. जवळजवळ सगळा काळ कोअर (कास्टिंगमधली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) बनवण्यात गेला. फर्नेसपाशी कधी उभं केलं नाही, पॅटर्नचं (साचा पाडायच्या नमुन्याचं) काम लांबून बघितलं. परीक्षा जवळ आली तशी सुपरवायझरनं डायरी पुढ्यात टाकली, ‘भरून टाक रे सगळी.’ खरं तर रोजची डायरी, केलेले जॉब, तोंडी परीक्षा हे सगळं मूल्यमापनाचा पुरावा म्हणून पुढच्या परीक्षेपर्यंत जपून ठेवायचं असतं, तपासणीसाठी. शिरोलीकर, कारखान्यानं पेपर काढला असता तर मला कोअरच आला असता. आणि मी पहिला आलो असतो.

शिरोलीकर:
सगळे तसे नसतात भावा.

कोअरशॉपवाला:
नसतील. पण परीक्षा तशांना धरूनच बांधायला लागते.

गोकुळ शिरगाव क्वालिटी:
दोघंही जॉब कुणी द्यायचा यावर भांडताय. जॉब कसला द्यायचा, हे कोण बोलणार? मोल्ड (वाळूचा साचा) दिसायला चकाचक असतो, पण वाळूत पाणी जास्त झालं, व्हेंट (वायू जायची भोकं) नीट दिले नाहीत, की ब्लो होल, म्हणजे वायूनं पडलेली पोकळी. ते कळतं कधी? धातू ओतून, नॉकआउट करून (साचा फोडून), कधी कधी मशीनिंगला गेल्यावर. मोल्ड बघून गुण दिले तर हात कळतो, डोकं नाही. मी परीक्षक असते तर रिजेक्ट झालेलं कास्टिंग समोर ठेवलं असतं. दोष ओळख, कारण सांग, वाळूत काय बदलशील ते सांग. ब्लो होल आणि श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी) यातला फरक ज्याला सांगता येत नाही, त्याचे जॉबचे गुण मला नकोत. आणि दर वर्षी कारखान्यांनी रिजेक्शन रजिस्टरमधले मोठे दोष अभ्यासक्रम समितीला कळवावेत. बदल त्यातून यावा, फायलीतून नको.

निवृत्त निदेशक:
ताई, कल्पना चांगली. अडचण अशी की एका दोषाची चार कारणं निघतात आणि दोन परीक्षक दोन वेगळे गुण देतात. एकजण म्हणणार ओलावा, दुसरा म्हणणार कोअर नीट भाजला नाही. पोरगं कोर्टात जाईल! आधी नमुना कास्टिंगं ठरवायला लागतील, मान्य कारणांची यादी लागेल, परीक्षकांना एकत्र बसवून तेच कास्टिंग तपासायला द्यावं लागेल. हे काम कुणाच्या पगारात?

गोकुळ शिरगाव क्वालिटी:
आमच्याकडं नवीन इन्स्पेक्टरला तसंच बसवतात की. दोघांना एकच लॉट, वेगवेगळा, आणि मग निकाल जुळवून बघायचे. कास्टिंगं तर भंगारात फुकट पडलीत.

शिरोलीकर:
फुकट नाहीत हो, सगळी परत वितळवतो. पण एक टेम्पोभर देतो. निदेशक साहेब, यादी तुम्ही करा. आणि अचूकतेचा तो ७० टक्क्यांचा पट्टा मात्र मला अजून पटलेला नाही.