घरचा प्रोजेक्टर: इंदूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

हॉलमध्ये प्रोजेक्टर घ्यायचा घाट घातलाय. बजेट 25 हजार, फार ओढलं तर 30. हॉल 10 बाय 14 फूट, पश्चिमेला मोठी खिडकी. मला रात्री सिनेमे बघायचेत, लेकाला प्लेस्टेशन खेळायचंय. जेल रोडवर चार दुकानं फिरून आले. एक म्हणतो 9000 लुमेन (उजेडाचं माप), दुसरा म्हणतो 12000, आणि दोघांचीही खोकी सारखीच दिसतात. ज्यांनी घरी लावून भरपूर वापरलाय त्यांनीच लिहा. कुठली खोली, कुठली वेळ, कशाचा वैताग आला, सगळं. ‘टीव्ही घे गप’ म्हणणाऱ्यांचंही स्वागत.

मंडपवाला, मल्हारगंज
लग्नाकार्यात प्रोजेक्टर भाड्याने देतो, म्हणून आधी आकड्यांचं बोलतो. खोक्यावर नुसतं ‘लुमेन’ असेल तर तो आकडा बाजूला ठेवा. ‘एएनएसआय’ किंवा ‘आयएसओ’ लुमेन, म्हणजे ठरलेल्या प्रमाणित पद्धतीने मोजलेले, किती ते विचारा. एएनएसआयमध्ये पडद्याचे नऊ भाग करून प्रत्येकाचा उजेड मोजतात आणि सरासरी काढतात, त्यामुळे थापा मारायला जागा कमी. 10-15 हजारांच्या छोट्या एलईडी डब्यांपैकी बरेचसे यात दोन-चारशेच्या आसपास भरतात, वर 9000 छापलेलं असलं तरी.

आता हिशेब. 100 इंची चित्र म्हणजे 221 सेंटिमीटर रुंद, 125 उंच, पावणेतीन चौरस मीटर. 300 लुमेन त्यावर पसरले की शंभरेक लक्स (म्हणजे दर चौरस मीटरला तेवढे लुमेन) पडतात. ट्यूबलाइट लावलेल्या हॉलच्या भिंतीवरही साधारण तेवढाच उजेड असतो. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही, भिंत जेवढी काळी तेवढाच त्याचा काळा. म्हणून दिवा लावलात की रात्रीचा सीन संपला. 100 वरून 80 इंचावर आलात तर क्षेत्रफळ 36 टक्के कमी होतं आणि त्याच डब्याचं चित्र चांगलंच उजळतं. ताई, तुमच्या पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लागणारच. त्याचे पैसे बजेटमध्ये धरा.

गच्चीवाला, सुदामानगर
मंडपवाल्या भियांना अनुमोदन. आम्ही आयपीएल गच्चीवर बघतो. मेमध्ये आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि टॉसही सातलाच. नाणं कुठे पडलं ते कधी दिसत नाही, कॉमेंट्रीवरून कळतं. साडेसातच्या पुढे चित्र सुधारत जातं. पावसाळ्यात गच्चीचा नाद सोडा, पाखरं चादरीवर येऊन बसतात.

रामबागेतली सून
आमची खोली जुन्या घरातली, अरुंद. सगळे इंचांबद्दल बोलतात, अंतराबद्दल कोणी बोलत नाही. माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ लिहिलेला असतो. प्रोजेक्टर ते भिंत हे अंतर त्याने भागलं की चित्राची रुंदी मिळते. आमचा 1.25 आहे. नऊ फुटांच्या खोलीत स्टुलाला एक फूट गेला, उरले आठ, म्हणजे जेमतेम 88 इंची चित्र. दुकानात 150 इंचांचं कौतुक चालू होतं, ते आमच्या घरात भिंत फोडल्याशिवाय शक्य नव्हतं.

दुसरं कीस्टोनचं. प्रोजेक्टर कोपऱ्यात तिरका ठेवून कीस्टोनने चित्र सरळ करता येतं खरं, पण ते चित्र आतल्या आत दाबून बसवलेलं असतं. काही पिक्सेल वाया जातात. सबटायटलची अक्षरं एका बाजूला कोरीव आणि दुसऱ्या बाजूला पुसट दिसायची. सासरेबुवांनी शेवटी छताला ब्रॅकेट ठोकून तो भिंतीसमोर सरळ लावला, तेव्हा अक्षरं एकसारखी झाली.

हॉस्टेलवाला, भंवरकुआं
गेमिंगवर मी. बटण दाबल्यापासून भिंतीवर हालचाल दिसेपर्यंतचा वेळ म्हणजे इनपुट लॅग. 60 फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम 16.7 मिलीसेकंदांची. लॅग 20च्या आत असेल तर मजा, 50च्या वर गेला की क्रिकेटच्या गेममध्ये बॅट फिरेपर्यंत बेल्स उडालेल्या असतात.

दुकानातच तपासता येतं. लॅपटॉप एचडीएमआयने जोडा, दोन्हीकडे तेच चित्र ठेवा आणि मिलीसेकंदवालं स्टॉपवॉच चालवा. मोबाइलने दोन्ही पडदे एका फोटोत घ्या. लॅपटॉपवर 12.480 आणि भिंतीवर 12.390 दिसलं तर भिंत 90 मिलीसेकंद मागे आहे. असे चार-पाच फोटो काढा, एकावर विसंबू नका. गेम मोड चालू आणि कीस्टोन बंद करून परत बघा, फरक पडतो. आवाज मात्र ब्लूटूथवर नको, तो वेगळाच रेंगाळतो. साधी वायर लावा.

निवृत्त बँकवाले काका, राजेंद्रनगर
आमच्या प्रोजेक्टरमध्ये अँड्रॉइड आहे, पण नेटफ्लिक्स उघडेना. मोबाइलवरून स्क्रीन पाठवली तर आवाज येतो आणि चित्र काळंकुट्ट. नातवाने सांगितलं की सिनेमाला कॉपीपासून संरक्षण असतं, म्हणून अॅप चित्र बाहेर जाऊ देत नाही, आणि नेटफ्लिक्सला मान्यताप्राप्त यंत्रच लागतं. एचडीएमआयला स्ट्रीमिंग स्टिक खोचली आणि प्रश्न मिटला. पण एक पोर्ट त्यात अडकला. प्लेस्टेशन लावायचं असेल तर दोन पोर्ट आहेत का ते मोजून घ्या.

स्नेहलतागंजकर
ऑफिसातून निघालेला जुना थ्री-एलसीडी (तीन छोट्या एलसीडी पॅनेलमधून चित्र बनवणारा) प्रोजेक्टर घेतलाय. 3000 लुमेन, आणि ते खरे. पण हे बहुतेक 1024 बाय 768चे, चौकोनी चित्रवाले. 16:9चा सिनेमा लावला की वरखाली काळ्या पट्ट्या जातात आणि हाती राहतात 1024 बाय 576. सिनेमाला मला चालतं, गेममधली बारीक अक्षरं वाचवत नाहीत. घेताना मेनूत जाऊन दिवा किती तास जळलाय ते बघा, नवा दिवा खिशाला चावतो. लाइट गेली की पंखाही बंद पडतो आणि आत दिवा तापलेला असतो, म्हणून मी यूपीएसवर ठेवतो. एलईडीवाल्यांना ही कटकट नाही.

डीएलपी (बारीक आरशांवरून चित्र फेकणारा प्रकार) बघायला गेलात तर घरच्या सगळ्यांना घेऊन जा. त्याच्या आत फिरणाऱ्या रंगीत चकतीमुळे काहींना पांढऱ्या अक्षरांच्या कडेला इंद्रधनुष्यी रेघा चमकतात. मला कधीच दिसल्या नाहीत, बायको दोन मिनिटांत डोकं धरून बसली.

टीव्हीवाला, वैशालीनगर
बोलावलंतच म्हणून: दिवसा बातम्या, स्वयंपाक करताना मालिका असा वापर असेल तर 43 इंची टीव्हीच घ्या. या पैशात दोन्ही कामं नीट करणारा प्रोजेक्टर मला तरी सापडला नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून प्रोजेक्टर आणि 32 इंचांवरचे टीव्ही, दोन्हींवरचा जीएसटी 28चा 18 टक्के झालाय. जुनी एमआरपी दाखवून ‘खास सूट’ सांगणाऱ्याला तेवढं विचारा.

धागाकर्ती, टिळकनगर
‘1080पी सपोर्टेड’ आणि ‘नेटिव्ह 1080पी’ (1080पी म्हणजे 1920 बाय 1080 पिक्सेल) यातला फरक काल एका दुकानदाराने अखेर कबूल केला. मूळ पॅनेल 1280 बाय 720चं, मोठा सिग्नल नुसता आकसून दाखवतो. त्याचं नाव यादीतून उडवलं. नेटिव्ह 1080पी, दोन एचडीएमआय, एएनएसआय आकडा लेखी देणारा, असे दोनच उरलेत. शनिवारी लेकाला आणि लॅपटॉप घेऊन जाते, स्टॉपवॉचचे फोटो इथे टाकीन. तोवर एक सांगा, भिंतीला साधा मॅट पांढरा रंग पुरतो की पडदाच घ्यावा?

मंडपवाला, मल्हारगंज
आधी रंग. चमक असलेला नको, मधोमध दिव्याचा डाग दिसतो. आणि पुट्टी नीट घासून घ्या, ब्रशच्या रेघा प्रत्येक सीनमध्ये दिसतात. चौकटीला काळी मखमली पट्टी चिकटवा. पडद्याचं दोन महिन्यांनी बघू.