संस्थेचे ‘नामांतर’, ‘महारोगी’ हा शब्द आणि ‘आजीव सभासद’

विचारणा : सातारा, निवृत्त शिक्षिका

कुष्ठरोगाच्या क्षेत्रात अनेक वर्षे काम करणाऱ्या आमच्या जिल्ह्यातील एका संस्थेची मी सभासद आहे. माझे वडीलही होते. गेल्या आठवड्यात विशेष सर्वसाधारण सभेचे सूचनापत्र आले. त्यातील दुसरा विषय जसाच्या तसा उतरवते : ‘संस्थेच्या नामांतरास मंजुरी देणे व पूर्वाश्रमीच्या संस्थेच्या आजीव सभासदांना नव्या संस्थेत सामावून घेण्याबाबत विचार करणे.’ संस्थेच्या नावातला ‘महारोगी’ हा शब्द काढून तेथे ‘कुष्ठरोग निर्मूलन’ हे शब्द घालावेत, असा प्रस्ताव आहे. सोबत एक कोरा अर्ज असून त्यावर ‘आजीवन सभासद’ असे छापले आहे.

हे पत्र मिळाल्यापासून दोन वृद्ध सभासदांनी माझ्याकडे येऊन विचारले, की आपले सभासदत्व गेले काय आणि वर्गणी पुन्हा भरावी लागेल काय. मी घरातील कागद काढून पाहिले. वडिलांच्या १९७४ सालच्या पावतीवर, चिकटवलेल्या तिकिटावरून गेलेल्या जांभळ्या शाईच्या सहीशेजारी, ‘तहहयात सभासद’ असे लिहिले आहे. माझ्या पावतीवर ‘आजीव सभासद’ आहे आणि नव्या अर्जावर ‘आजीवन’. हे तीन प्रकारचे सभासद आहेत की एकच? ‘महारोगी’ हा शब्द काढणे मला मनापासून योग्य वाटते, परंतु त्याचे कारण नेमक्या शब्दांत मांडता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : वाई, वैद्य

बाईंनी ‘महारोगी’विषयी विचारले आहे, तेवढ्यापुरते लिहितो. आयुर्वेदात ‘कुष्ठ’ हे एका रोगाचे नाव नाही. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले असून त्यांपैकी सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे आहेत. आज ज्यांना आपण साधे त्वचारोग म्हणू, असे कितीतरी विकार या अकरांत येतात. बरे होण्यास अतिशय कठीण अशा आठ रोगांचा एक गट ‘अष्टांगहृदय’कार वाग्भटाने ‘महारोग’ म्हणून सांगितला आहे आणि त्यात कुष्ठाबरोबर मूळव्याध, मुतखडा व प्रमेहसुद्धा आहेत. म्हणजे ‘महा’ या विशेषणात मुळात तिरस्कार नव्हता. मूळव्याधीच्या रोग्याला कोणी महारोगी म्हटले नाही, कुष्ठाच्या रोग्याला मात्र म्हटले आणि गावाबाहेर ठेवून म्हटले. शब्दाला जो डाग लागला, तो वापराने लागला.

लोकभाषेत याहून अधिक घोटाळा आहे. आपल्याकडे खेड्यापाड्यांत या रोगाला ‘रक्तपिती’ म्हणतात, पण ग्रंथातले ‘रक्तपित्त’ म्हणजे नाकातोंडातून वा इतर मार्गांनी रक्त पडण्याचा विकार. तसेच, ‘कुष्ठ’ या शब्दापासूनच प्राकृतातून हिंदीत ‘कोढ़’ आला आणि मराठीत ‘कोड’; हिंदीतला शब्द कुष्ठरोगासाठी राहिला, मराठीतला त्वचेवरच्या पांढऱ्या डागांसाठी. पांढरे कोड संसर्गजन्य नाही आणि त्याचा कुष्ठरोगाशी काही संबंध नाही. तरीही एका घरातील मुलीचे लग्न केवळ या शब्दसाम्यामुळे अडलेले मी पाहिले आहे. तेव्हा नव्या नावात नुसते ‘कुष्ठ’ न ठेवता ‘कुष्ठरोग’ असा पूर्ण शब्द ठेवावा, कारण १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी ज्याचे जंतू दाखवून दिले तो विशिष्ट रोग, एवढाच अर्थ आज त्या जोडशब्दाला उरला आहे.

उत्तर : मिरज, निवृत्त परिचारिका

वैद्यबुवांनी शब्दाचा इतिहास सांगितला. मी तो शब्द कानाने ऐकलेला आहे. ज्या विभागात मी नोकरी केली तेथून रुग्णांना तपासणीच्या तारखेची पत्रे टपालाने जात असत आणि पाकिटावर संस्थेचे संपूर्ण नाव छापलेले असे. तासगावच्या बाजूचा एक तरुण दर खेपेस एकच विनंती करी : ‘सिस्टर, पत्र साध्या पाकिटातून पाठवा.’ त्याचे औषध पूर्ण झाले होते, बोटे शाबूत होती आणि त्याच्यापासून कोणालाही लागण होण्याचा प्रश्न उरला नव्हता. परंतु पोस्टमनच्या हातातले पाकीट गावात चार जण वाचत. शेवटी मी स्वतःच पाकिटे विकत आणून ठेवली.

‘महारोगी’ हे माणसाचे नाव झाले आणि ‘कुष्ठरोग’ हे रोगाचे आहे, हा माझ्या मते मुख्य फरक. रोग जातो, माणूस राहतो. सहा महिन्यांच्या किंवा बारा महिन्यांच्या बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग बरा होतो आणि ही औषधे सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात; मग बरा झालेला माणूस ‘महारोगी’ कसा? १८७४ साली स्थापन झालेल्या ‘मिशन टू लेपर्स’ या संस्थेने १९६५ मध्ये आपले नाव ‘द लेप्रसी मिशन’ असे केले. नावातली माणसे (‘लेपर्स’) गेली आणि रोग (‘लेप्रसी’) आला. आमच्या मिरजेच्या रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालयाशी याच संस्थेचा दीर्घ संबंध आहे. उलट बाबा आमटे यांनी १९४९ साली स्थापन केलेल्या वरोऱ्याच्या महारोगी सेवा समितीने तेच नाव आजही ठेवले आहे आणि तेथील कामामुळे त्या नावाकडे लोक आदराने पाहतात. पण तेवढे कार्य प्रत्येक छोट्या संस्थेच्या पाठीशी नसते. तिचे नाव पाकिटावर एकटेच जाते.

प्रस्तावातील ‘निर्मूलन’ या शब्दाला मात्र माझा विरोध आहे. निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटून टाकणे. माणसांच्या रोगांत असे आजवर एका देवी रोगाच्याच बाबतीत झाले आणि जागतिक आरोग्य संघटनेने ते १९८० मध्ये जाहीर केले. कुष्ठरोगासाठी शासनाचा कार्यक्रम १९५५ मध्ये ‘नियंत्रण’ या नावाने सुरू झाला आणि १९८३ मध्ये त्याच्या नावात ‘निर्मूलन’ आले. पुढे २००५ च्या अखेरीस देशातील रुग्णांचे प्रमाण दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून खाली गेले. त्याला फार तर ‘दूरीकरण’ म्हणावे. क्षयरोगाच्या कार्यक्रमाच्या नावात आता तोच शब्द आहे. परंतु लोकांनी ‘निर्मूलन झाले’ असे ऐकले, आणि ‘रोग संपला, मग वर्गणी कशासाठी?’ असा प्रश्न जुने देणगीदार मला स्वतः विचारू लागले. हा रोग अंगात पाच वर्षे, कधी वीस वर्षेसुद्धा लपून राहतो. त्यामुळे न खाजणारा, बधिर चट्टा घेऊन येणारा माणूस उद्याही येणार आहे आणि त्याच्यासाठी संस्था हवी आहे.

‘निवारण’ ठेवावे. वारणे म्हणजे अडवणे, दूर सारणे. तक्रारीचे, शंकेचे, दुष्काळाचे आपण निवारण म्हणतो आणि ऊनपाऊस अडवणाऱ्या जागेला ‘निवारा’ म्हणतो, तो याच कुळातला शब्द. रोग अडवायचा आणि रोग्याला थारा द्यायचा, ही दोन्ही कामे संस्था करीत असेल तर याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

उत्तर : सातारा, वकील

सूचनापत्रातील विषय क्रमांक दोन हा भाषेच्या दृष्टीने सदोष आहे आणि कायद्याच्या दृष्टीने त्याहून अधिक.

‘नामांतर’ यातील ‘अंतर’ म्हणजे दुसरे. देशांतर करणाऱ्याचा देश बदलतो, माणूस तोच असतो. भाषांतरात भाषा बदलते, मजकूर तोच राहावा अशी अपेक्षा असते. तसेच नामांतरात नाव दुसरे होते आणि नाव धारण करणारा तोच राहतो. म्हणून एकाच वाक्यात ‘नामांतर’ आणि ‘नवी संस्था’ हे शब्द एकत्र येऊच शकत नाहीत. संस्था नवी असेल तर जुनीचे विसर्जन किंवा विलीनीकरण झाले असले पाहिजे, आणि त्याची कार्यपद्धती निराळी आहे. जी संस्था तीच आहे, तिच्यात सभासदांना ‘सामावून घेणे’ याला काही अर्थ नाही. ते तेथेच आहेत.

‘पूर्वाश्रमीची’ हा शब्दही काढावा. तो आश्रम बदललेल्या माणसाला, विशेषतः संन्यास घेतलेल्याला शोभतो. संन्याशाचे पूर्वीचे नातेसंबंध व मालमत्ता सुटतात, संस्थेचे काहीही सुटत नाही. ‘उर्फ’ लिहिण्याचाही मोह काहींना होईल, परंतु उर्फ म्हणजे दोन्ही नावे चालू. येथे ‘(पूर्वीचे नाव अमुक)’ एवढेच पुरे.

मराठी वाचकांना एक उदाहरण जवळचे आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि प्रदीर्घ संघर्षानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. ‘नामांतर’ आणि ‘नामविस्तार’ या शब्दांतला भेद तेव्हा महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन शिकला. त्याआधी पदवी घेतलेल्या कोणाचीही पदवी मात्र त्यामुळे रद्द झाली नाही. ज्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली आपल्या संस्था नोंदलेल्या आहेत, त्याच्या नावातील ‘मुंबई’ जाऊन तेथेही ‘महाराष्ट्र’ आले आहे. जुन्या नावाने झालेले आदेश तसेच राहिले.

व्यवहारात सभेचा ठराव नियमावलीप्रमाणे मंजूर झाला, की १९५० च्या त्याच अधिनियमाच्या कलम २२ खालील बदल अर्ज नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. पॅन, बँकखाते आणि देणगीदारांना आयकरात सवलत देणारी ८०-जी ची नोंद यांतही नाव बदलावे लागते. तोपर्यंत धनादेश बँकखात्यावर असलेल्या नावानेच द्यावा. ज्यांनी मृत्युपत्रात संस्थेला काही ठेवले आहे, त्यांनी जुन्या नावाबरोबर नोंदणी क्रमांक लिहून ठेवावा, म्हणजे पुढे वाद होणार नाही. सभासदाचा हक्क नाव बदलल्याने जात नाही. तो अडतो थकबाकीमुळे : १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे, त्याला मत देता येत नाही. एकदाच रक्कम भरलेल्या सभासदांना तीही भीती नाही. आपल्याकडे आलेल्या त्या दोघांना हे आजच सांगावे.

उत्तर : कऱ्हाड, संस्कृतचे अध्यापक

‘आजीव’ या शब्दाचा संस्कृतातील रूढ अर्थ उपजीविका असा आहे. बुद्धाच्या अष्टांगिक मार्गातील ‘सम्यक् आजीव’ म्हणजे योग्य मार्गाने चालवलेली उपजीविका. ‘आजीवन’ हा आमरण, आजन्म यांच्या चालीवरचा शब्द असून त्याचा अर्थ जन्मभर असा सरळ होतो. ‘तहहयात’ हा फारसीतून आलेला, अर्थ तोच, आणि जुन्या सनदांतून पावतीवर उतरलेला. तिन्हींत सभासद एकाच प्रकारचा आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘आजीवन’ सरस असला, तरी मराठी संस्थांत ‘आजीव सभासद’ इतका रुळला आहे की त्याला अशुद्ध म्हणणे मला मान्य नाही. मराठीत ‘जीव’ म्हणजे प्राण आणि ‘आजीव’ म्हणजे जीव आहे तोवर, असा अर्थ वाचकाला सहज लागतो. एकाच पत्रात मात्र दोन्ही शब्द वापरू नयेत, कारण वाचणाऱ्याला ते दोन वर्ग वाटतात. बाईंकडे आलेल्या वृद्धांची शंका बहुधा तेथूनच निघाली असावी.

पुन्हा सातारा, निवृत्त शिक्षिका

सर्वांची मी ऋणी आहे. काल संध्याकाळी त्या दोघांच्या घरी जाऊन आले. एकांना ऐकू कमी येते, म्हणून वकीलसाहेबांचे वाक्य कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले : ‘संस्था तीच, सभासद तेच, नाव दुसरे.’ त्यांनी तो कागद पावतीच्या जुन्या पाकिटात घालून ठेवला.

कार्यवाहांना पत्र देऊन विषय क्रमांक दोन असा बदलण्याची विनंती केली आहे : ‘संस्थेच्या नावातील “महारोगी” या शब्दाऐवजी “कुष्ठरोग निवारण” असा बदल करण्यास मंजुरी देणे. सर्व आजीव सभासदांचे सभासदत्व पूर्ववत चालू आहे.’ कोरे अर्ज परत घ्यावेत असेही लिहिले. राहिली ती इमारतीच्या दारातली कोनशिला. तिच्यावर जुने नाव कोरलेले आहे आणि त्याखाली, ज्या काळी कोणी या कामाला शिवत नव्हते त्या काळी पैसे देणाऱ्यांची नावे आहेत. ती शिला तशीच राहू द्यावी आणि रस्त्याकडचा फलक तेवढा आधी बदलावा, असे मी सभेत सांगणार आहे. पाकिटांविषयीही बोलेन.