मदत हवी: पॅकेज मिरर (पॅकेजं उतरवायचा सर्व्हर) कुठल्या डिस्ट्रोचा (डेबियन, उबंटू अशा लिनक्स प्रकाराचा), हे स्क्रिप्टला कसं कळेल?

अर्धा_बिल्ड: टेस्टसाठी बूट होणारी लिनक्सची इमेज बनवायची स्क्रिप्ट आहे, मिररची यूआरएल आणि रिलीजचं नाव दिलं की पुढचं सगळं तीच करते. आता दुसऱ्या मिररवर चालवली तर पार शेवटाला जाऊन 'युनेबल टु लोकेट पॅकेज' म्हणून आडवी होते. मिरर कोणाचा ते आधीच कळायला हवं. लवकर सांगा, आज रात्री बिल्ड द्यायचंय.

खटपट्या: कुठलं पॅकेज? एपीटी (डेबियन-उबंटूची पॅकेज पद्धत) का आरपीएम (फेडोरासारख्यांची)? की आम्ही पत्रिका मांडून बघायची?

निवांत: सिस्टिममधली ओएस-रिलीज फाइल वाच ना, डिस्ट्रोच्या आयडीची ओळ असते. सोपंय.

अर्धा_बिल्ड: अहो इमेजच बनली नाहीये तर फाइल कुठली, होस्टची (स्क्रिप्ट चालवतो त्या मशीनची) वाचली तर होस्टचंच नाव येणार. पॅकेज लिनक्स-इमेज-एएमडी६४, म्हणजे कर्नल (सिस्टिमचा गाभा). एपीटी, उघड आहे.

खटपट्या: उघड तुला! मग मिरर बहुतेक उबंटूचा, तिकडे लिनक्स-इमेज-जेनेरिक लागतं. कंपोनंटपण (मिररवरचे पॅकेजांचे विभाग) वेगळे, कॉन्ट्रिब मागशील तर मिळणार नाही, युनिव्हर्स असतं.

बाराखडी: यूआरएलमध्ये उबंटू शब्द शोधायचा, संपला विषय.

अर्धा_बिल्ड: यूआरएल आतल्या कॅशची आहे. आयपी, पोर्ट आणि पुढे नुसतं 'रेपो'.

बाराखडी: हे पहिल्याच पोस्टीत लिहायला काय झालं होतं?

कंटेनर_काका: एवढा उपद्व्याप कशाला, डॉकरची (कंटेनर चालवायचं टूल) तयार बेस इमेज घ्या.

खटपट्या: काका, त्याला बूट होणारी इमेज हवीये, कंटेनर होस्टच्याच कर्नलवर चालतो.

कंटेनर_काका: टेस्टला स्वतःचा कर्नल लागतो कशाला पण? आमचं सगळं कंटेनरमध्येच चालतं.

मूळाक्ष: मिररवरच्या डिस्ट्स फोल्डरात रिलीजच्या नावाखाली इनरिलीज फाइल असते, ती कर्लने (डाउनलोडची कमांड) ओढ. वरच्याच ओळींत ओरिजिन, लेबल, सूट (स्टेबल, ओल्डस्टेबल असं), कोडनेम (बुकवर्म, ट्रिक्सी असं) दिसतील. ओरिजिनपुढे डेबियन, उबंटू, रास्पबियन असं सरळ लिहिलेलं असतं. सूटवर मात्र विसंबू नकोस, डेबियनचं स्टेबल २०२५ च्या ऑगस्टात बुकवर्मवरून ट्रिक्सीवर गेलं आणि बुकवर्म ओल्डस्टेबल झालं. इनरिलीज नसेल तर नुसती रिलीज फाइल बघ.

खटपट्या: ओरिजिन म्हणजे नुसता मजकूर, कोणीही काहीही लिहील. जीपीजीव्हीने (सही पडताळायची कमांड) फाइलवरची डिजिटल सही तपासा, डेबियनच्या कीरिंगवर (कींचा संच) जुळली तर डेबियन, उबंटूच्या कीरिंगवर जुळली तर उबंटू.

मूळाक्ष: आणि आतल्या मिररवाल्यांनी स्वतःच्या कीने परत सही केली असेल तर? दोन्हीकडे नापास. त्याला डिस्ट्रो ओळखायचाय, भरवशाचा प्रश्न वेगळा.

खटपट्या: वेगळा कसा, त्याच मिररवरून रूटने पॅकेजं चढवणार ना?

अर्धा_बिल्ड: भांडा नंतर. ओरिजिन उबंटू आलं, कर्नलचं नाव त्यावरून ठरवलं, बिल्ड पुढे सरकलं. आरपीएमच्या मिररला काय करायचं?

बाराखडी: एपीटी उघड होतं ना?

मूळाक्ष: फेडोरासारख्यांकडे रेपोडेटा फोल्डरच्या शेजारी टिंबाने सुरू होणारी ट्रीइन्फो फाइल बघ, त्यात नाव आणि व्हर्जन असतं. सगळ्याच रेपोत ती नसते, पुढचं नव्या धाग्यात विचार.